पूल अर्धाच उचलावा

जुलै महिन्यातल्या एका मंगळवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, पोर्ट अल्मीना गावाचा पूल एका शिडाच्या बोटीसाठी उचलण्यात आला. बोटीत एक माणूस होता. तो सँडविच खात होता. पुलाच्या दोन्ही बाजूंना मिळून त्रेसष्ट गाड्या उभ्या होत्या, आणि त्यांतल्या पहिल्या गाडीत महापौर ग्लेन हॉफशील्ड पत्नीच्या वाढदिवसाचा आइस्क्रीमचा केक शेजारच्या सीटवर ठेवून बसले होते. पूल खाली येईपर्यंत केक सीटमध्ये मुरला होता.

नगर परिषदेच्या कार्यवृत्तात ही घटना 'नाशवंत सामग्रीची विलंबजन्य हानी' अशी नोंदलेली आहे. ती नोंद माझी. मी, ऑर्व्हिल टेश, गेली एकोणीस वर्षं परिषदेच्या बैठकांचं कार्यवृत्त लिहितो. लोक जे बोलतात ते मी परिषदेला शोभेल अशा भाषेत उतरवतो. त्यातून पुढे जे काही घडतं त्याच्याशी माझा संबंध नाही, असं मला त्या जुलैपर्यंत प्रामाणिकपणे वाटत होतं.

पूल उचलण्याचं काम लोरेटा स्क्रोबेककडे होतं. सव्वीस वर्षं. पुलाच्या दक्षिण टोकाला तिची केबिन, आणि केबिनला नदीच्या अंगाला भलीमोठी खिडकी. सरोवरातून नदीत शिरणारी बोट एक लांब आणि एक आखूड भोंगा द्यायची. लोरेटा तसाच भोंगा देऊन 'ऐकलं' म्हणायची. दिवे लाल, मग घंटा, मग रस्त्यावरच्या दांड्या खाली. त्यानंतर ती खिडकीतून पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायची. वर कोणी राहिलं नाही असं दिसलं की मधल्या खिट्ट्या काढून कळ ओढायची. पूल मधोमध दुभंगून त्याची दोन पाती आकाशाकडे उठायची, बोट जायची, पाती परत खाली बसायची. सगळं मिळून आठ मिनिटं. आणि उचलता येणारच नसेल तर पाच आखूड भोंगे. त्याचा अर्थ बोटवाल्यांना सांगावा लागत नाही.

केकनंतरच्या बैठकीत लोरेटाला बोलावणं गेलं. ती कामाच्या बुटांनिशी आली आणि पहिल्या रांगेत बसली.

"त्या एका माणसासाठी तुम्ही त्रेसष्ट गाड्या अडवल्यात," महापौर म्हणाले. "कशाच्या आधारावर?"

"त्याने भोंगा दिला."

"आणि उचलायचा क्षण कसा ठरवलात?"

"खिडकीतून बघितलं."

"नुसतं बघितलं?"

"डोळे उघडून बघितलं, ग्लेन. आणखी कसं बघतात?"

लोक हसले. महापौर हसले नाहीत. लोरेटाने त्यांना लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलं होतं आणि दोनदा कोपऱ्यात उभं केलं होतं, त्यामुळे तिच्यासमोर त्यांना अधिकार गाजवायला नेहमीच थोडा वेळ लागायचा.

"आणि परवा शनिवारी?" ते म्हणाले. "मी माझ्या बोटीत होतो. दोनदा भोंगा दिला. तुम्ही मला सहा मिनिटं नदीत गोल गोल फिरायला लावलंत!"

"एक म्हातारी वॉकर घेऊन चालली होती. ती उतरल्यावर उचलला." लोरेटा त्यांच्याकडे शांतपणे बघत होती. "मंगळवारी तू गाडीत असतोस, ग्लेन, आणि शनिवारी बोटीत. मी पूल कुठल्या ग्लेनसाठी उचलायचा ते एकदा ठरवून सांग बाबा."

हे वाक्य मी 'कर्मचाऱ्याने धोरणात्मक स्पष्टतेची मागणी केली' असं लिहिलं. स्पष्टता आणण्यासाठी सल्लागार नेमायचा ठराव मग एकमताने झाला.

एकमताचं कारण होतं. तोवर परिषदेकडे दोन निवेदनं आली होती. 'पूल वारंवार उचलू नये' या निवेदनावर दोनशे बारा सह्या होत्या, आणि 'पूल मागताक्षणी उचलावा' यावर एकशे अठ्ठ्याण्णव. मी दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. एकशे चौऱ्याहत्तर नावं दोन्हींत होती. माझं स्वतःचंही होतं. माझ्याकडे बोट नाही, पण मेहुण्याकडे आहे.

सल्लागाराचं नाव ब्राइस एलिंगबो. वय चौतीस, जाकीट बिनबाह्यांचं, दात फार चांगले. तो चार दिवस केबिनमध्ये हातात घड्याळ घेऊन बसला. लोरेटाने त्याला रोज कॉफी दिली आणि एकदा चीज घातलेला सॉसेजही दिला. पाचव्या दिवशी त्याचा एकशे अठरा पानांचा अहवाल आला. पहिला निष्कर्ष असा, की पूलचालक कामाच्या वेळेपैकी एकाहत्तर टक्के वेळ खिडकीबाहेर बघण्यात घालवते.

"तेच काम आहे ना पण," लोरेटा मला म्हणाली.

"त्याला पुरावा लागतो," मी म्हणालो.

ब्राइसची पहिली शिफारस अर्जाची होती. बोटवाल्याने बहात्तर तास आधी डोलकाठीच्या उंचीसह अर्ज करावा. पण बोटींना पूल उघडून देणं हा केंद्राचा नियम आहे आणि तो गावाला मोडता येत नाही. परिषदेच्या वकिलांनी नियम तीनदा वाचला आणि त्यांना एक गोष्ट आढळली. मागणी झाल्यावर पूल 'उघडावा' असं त्यात म्हटलं होतं. किती, ते म्हटलं नव्हतं, निदान त्यांनी वाचलेल्या पानावर तरी नाही.

त्या एका गोष्टीतून आमच्या गावाचं नाव झालं. परिषदेने ठरवलं की गाडीवाले आणि बोटवाले या दोन्ही वर्गांना समान न्याय देण्यासाठी पूल अर्धाच उचलावा.

अर्धा म्हणजे पस्तीस अंश. या कोनात रस्ता असा चढतो की गाडी जाऊ शकत नाही, आणि मधली फट एवढीच राहते की शिडाची बोटही जाऊ शकत नाही. लोरेटाने हे कागदावर काढून दाखवलं. महापौर म्हणाले, "म्हणजे कोणावरच जास्त अन्याय नाही."

"म्हणजे कोणीच कुठे जाणार नाही, ग्लेन."

"हो, पण *समान*."

एक ऑगस्टपासून अंमलबजावणी सुरू झाली. बोट भोंगा द्यायची, लोरेटा पूल पस्तीस अंशांवर आणायची, बोटवाला पाच मिनिटं वर बघत राहायचा, मग तोंडाने काहीतरी बोलून बोट वळवायचा. दोन्ही बाजूंच्या गाड्या तोवर उभ्याच. महिनाअखेर गाडीवाल्यांच्या सत्तेचाळीस तक्रारी आल्या आणि बोटवाल्यांच्याही बरोबर सत्तेचाळीस. ब्राइसने दोन सारख्या उंचीचे स्तंभ पडद्यावर दाखवले. परिषदेने उभं राहून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या दोन गावांतून शिष्टमंडळं येऊन आमचा पूल बघून गेली. त्यांना पलीकडे जाता आलं नाही, पण इकडच्या बाजूने पूल चांगला दिसतो.

मीही त्या दिवशी खुश होतो. कार्यवृत्तात 'असमाधानाचे न्याय्य वाटप' हा शब्दप्रयोग मी केला होता, आणि महापौरांनी तो भाषणात दोनदा वापरला.

तरीही काही लोकांचं म्हणणं पडलं की लोरेटा आपल्या ओळखीच्यांना झुकतं माप देते. कोणी म्हातारी पुलावर असली तर थांबते, कोणी तरुण असला तर दांडी त्याच्या नाकासमोर पाडते. ब्राइसने याचं मूळ शोधून काढलं. ती बघते म्हणून तिला चेहरे दिसतात, आणि चेहरे दिसतात म्हणून पक्षपात होतो. उपाय उघड होता. खिडकीवर आतून एक मोठा पडदा बसवावा, त्यावर तक्रारींची संख्या, समाधानाची टक्केवारी आणि पुलाचा कोन हे सगळं क्षणाक्षणाला दिसावं.

"आणि पुलावर माणूस आहे की नाही ते?" लोरेटाने विचारलं.

"त्यासाठी कॅमेरे आहेत, मॅडम."

"कुठे आहेत?"

"दुसऱ्या टप्प्यात."

"मग पहिल्या टप्प्यात?"

ब्राइसने तिला एक छापील तक्ता दिला. त्यात चौदा चौकटी होत्या. नववी चौकट 'पूल निर्मनुष्य असल्याची खात्री केली' अशी होती.

"खात्री कशी करू?"

"तिथे खूण करायची."

"खूण केली की माणूस जातो?"

"खूण केली की प्रक्रिया पूर्ण होते, मॅडम."

या बदलाला नाव हवं होतं. बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी 'दृश्य-अवलंबित्वातून मुक्ती' असं सुचवलं. ते लगेच मंजूर झालं. त्या शुक्रवारी लोरेटा आणि मी नेहमीप्रमाणे खानावळीत तळलेले मासे खात होतो. तिने माशाचे काटे ताटाच्या कडेला काढले. मग म्हणाली, "ऑर्व्हिल, तू लिहितोस छान. लिहिलेलं कधी वाचतोस का रे?"

मी लिंबू मागवलं.

सप्टेंबरअखेर आमचा बंदर उत्सव असतो. यंदा त्यासाठी तीन डोलकाठ्यांचं एक जुनं शिडाचं जहाज सरोवरावरून येणार होतं, आणि महापौर त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभे राहून गावात प्रवेश करणार होते. जहाजाला पस्तीस अंश पुरणार नव्हते. म्हणून खास ठराव करून त्या एका दुपारपुरता 'पूर्ण न्याय' मंजूर झाला. सोहळ्याचं कार्यवृत्त लिहिण्यासाठी मला केबिनमध्ये बसवलं होतं. ब्राइसही घड्याळ घेऊन होता.

तोवर पुलावर आणखी एक गोष्ट बदलली होती, आणि ती कोणत्याही अहवालात नव्हती. दांड्या दिवसभर एवढ्या वेळा आणि एवढा वेळ पडलेल्या असायच्या की लोकांनी त्यांना मानणं सोडलं होतं. पायी चालणारे दांडीखालून वाकून सरळ पुलावर जायचे. घंटा वाजली तरी कोणी मान वळवत नव्हतं.

तीन वाजता नदीच्या तोंडाशी जहाजाने एक लांब आणि एक आखूड भोंगा दिला. लोरेटाने उत्तर दिलं. दिवे लाल केले, घंटा वाजवली, दांड्या पाडल्या. तक्त्यावर आठ खुणा केल्या. नवव्या चौकटीवर तिचं पेन थांबलं.

"मला बघायचंय," ती म्हणाली.

"सगळं हिरवं आहे, मॅडम." ब्राइसने पडद्याकडे बोट केलं. समाधान एकसष्ट टक्के होतं आणि वाढत होतं.

"बाहेर बघायचंय."

"बाहेरचं सगळं आत आलंय."

लोरेटाने दाराकडे बघितलं. दार पुलाच्या दुसऱ्या अंगाला, जिन्यावर उघडतं. उतरून, वळसा घालून पुलावर यायला दोन मिनिटं लागतात. जहाज मागच्या वाऱ्याच्या जोरावर येत होतं आणि ते काही सायकल नव्हे ब्रेक दाबायला. भोंगा परत आला, आता जवळून. पूल उचलला नाही तर तिन्ही डोलकाठ्या पुलावर येऊन मोडणार, आणि खाली जहाजावर माणसं उभी. उचलला आणि वर कोणी असलं, तर त्याचं काय होतं ते लोरेटाला माहीत होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी जुन्या चालकाने तिला तेवढी एकच गोष्ट शिकवली होती.

"खूण करा, मॅडम," ब्राइस म्हणाला. त्याचा आवाज थोडा चढला होता. "एकोणचाळीस सेकंदांचा विलंब झालाय."

लोरेटाने माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं. हे मी इथे मुद्दाम लिहितोय, कारण कार्यवृत्तात लिहिलेलं नाही.

तिने भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढलं आणि दोन्ही हातांनी पडद्यावर घातलं. पहिल्या घावाला समाधान गेलं, दुसऱ्याला कोन. तिसऱ्या घावाला पडदा चौकटीसकट खाली आला आणि केबिनमध्ये महिन्याभरात पहिल्यांदा ऊन पडलं.

पुलाच्या बरोबर मधोमध, जिथे दोन्ही पाती जुळतात तिथे, अर्लिन नूट्सन उभे होते. आमचे निवृत्त दंतवैद्य, वय एक्क्याऐंशी, कानाने जवळपास बहिरे. त्यांचा बुटका, लांब कानांचा, अतिलठ्ठ कुत्रा जोडावर पसरला होता, आणि अर्लिन त्याचा पट्टा ओढत त्याची समजूत घालत होते.

लोरेटाने पाच आखूड भोंगे दिले. मग पुन्हा पाच. जहाजावर धावपळ झाली. यंत्र उलटं फिरल्याचा आवाज आला, नाळ हळूहळू डावीकडे वळली, आणि पुलापासून साठ फुटांवर जहाज काठच्या चिखलात मऊसूत जाऊन रुतलं. नाळेवर हात हलवत असलेले महापौर तसेच हात हलवत पुढे गेले आणि चीजच्या भज्यांच्या परातीत बसले.

लोरेटा तेवढ्यात जिना उतरून पुलावर पोचली होती. मी तिच्या मागे धावलो. एवढं तरी केलं.

"अर्लिन! पुलावर काय करताय?" ती त्यांच्या कानात ओरडली.

"हा उठत नाही!"

"घंटा ऐकू आली नाही?"

"ती दिवसभर वाजते की! आणि पूल तर अर्धाच उचलतात ना हल्ली? म्हटलं, फार तर बसू घसरत."

लोरेटाने कुत्रा खांद्यावर घेतला. पुढे ती आणि कुत्रा, मागे म्हातारा त्याचा पट्टा धरून, असे ते दांडीपलीकडे गेले. तिथे ती कुत्र्याला मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसली. मी पाणी आणून दिलं. तिचे दोन्ही हात कुत्र्याभोवती होते, म्हणून ग्लास मीच धरला.

चौकशी पुढच्या गुरुवारी झाली. आरोप दोन होते. परिषदेच्या मालमत्तेची मोडतोड, आणि मंजुरीशिवाय बघणे. सभागृह खचाखच भरलं होतं.

"प्रक्रियेनुसार पूल निर्मनुष्य होता," ब्राइस म्हणाला.

"तिथे माणूस होता," लोरेटा म्हणाली.

"पडद्यावर नव्हता."

तिसऱ्या रांगेतून अर्लिन उठले. त्यांना शेजारच्याने सगळं कानात सांगितलं होतं. "मी होतो की तिथे!"

"तुमची नोंद नाही, सर."

"मग आत्ता मी कुठाय?"

ब्राइसने खरोखरच हातातले कागद चाळले. त्यावर सभागृहात जो हशा झाला त्यात त्याचं पुढचं बोलणं बुडालं. महापौर पंचवीस वर्षं निवडणुका जिंकत आले आहेत. हशा कुठल्या बाजूला वळतोय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. ते उठले आणि म्हणाले की या पडद्याबद्दल त्यांच्या मनात पहिल्यापासून शंका होती. कार्यवृत्त माझ्या हातात होतं. त्यात शंका नव्हती. या वेळी मी ते जसं बोलले तसंच, शब्दन् शब्द, लिहून घेतलं. बैठकीनंतर त्यांनी वाचलं आणि विचारलं, "हे जरा नीट करता येईल का?"

"नाही," मी म्हणालो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

लोरेटा निर्दोष सुटली. अर्धा न्याय रद्द झाला, पूर्वीसारखा पूर्ण पूल आणि पूर्ण खिडकी परत आली. तुम्हाला आणखी काय हवं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "काच बाहेरून धुऊन द्या. महिनाभर कोणी हात लावलेला नाही." सगळ्या गावाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. बायकांनी तिला मिठ्या मारल्या. पुरुषांनी आपण कसं सुरुवातीपासून म्हणत होतो ते एकमेकांना सांगितलं. ब्राइस दक्षिणेकडच्या एका गावी गेला. तिथे पूल नाही, पण सिग्नल आहेत.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मी खोटं लिहायचं सोडलंय, म्हणून पुढचंही सांगतो.

त्या सभेनंतरच्या सोमवारी मी घरी चाललो होतो. घंटा वाजली, दांडी पडली, माझी गाडी रांगेत दुसरी. समोर रस्ता भिंतीसारखा उभा राहत आकाशाला टेकला. एक बोट शांतपणे चालली होती. वर खिडकीत लोरेटा दिसत होती, नदीकडे नजर लावून. मी घड्याळ बघितलं. दोन मिनिटं झाली होती. पुन्हा बघितलं. तेव्हाही दोनच झाली होती. आणि मग माझा हात हॉर्नवर गेला आणि मी तो दाबला. चांगला लांब. उभ्या राहिलेल्या रस्त्याला. मागच्या गाडीनेही दाबला, तिच्या मागचीनेही, आणि बघता बघता गुरुवारी टाळ्या वाजवणारी सगळी माणसं लोरेटाच्या नावाने हॉर्न वाजवायला लागली.

तिने आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. बोट पुरती पार झाली ना, ते बघत होती.

तुम्ही आम्हाला हसलात, त्याला माझी हरकत नाही. ही गोष्ट वाचायला तुम्हाला साधारण तेवढाच वेळ लागला असेल जेवढा आमचा पूल उचलून परत खाली बसायला लागतो. एवढ्या वेळात तुम्हाला कोणी अडवलं नव्हतं, तुमचं कुठे काही वितळत नव्हतं. तरी अजून किती उरलंय, हे बघायला तुम्ही मध्येच शेवटाकडे नजर टाकलीत. किती वेळा, ते मी विचारत नाही. पण हे शेवटचं वाक्य तुम्ही पहिल्यांदाच वाचताय, असं मी कार्यवृत्तात लिहिणार नाही.